उल्का घरी नव्हती

कुंदाकाकू पोतनीस भाजी घेताना आपल्या कादंबरीतल्या मुलीची आवडनिवड बघून घ्यायच्या. हे मी अलंकारिक लिहीत नाहीये. मला अलंकार जमत नाहीत, मी पर्चे लिहिते, म्हणजे रस्त्यात वाटायची पत्रकं. उज्जैनमध्ये नानाखेड्याला आमच्या कॉलनीत सकाळी भाजीचा ठेला यायचा. काकू गिलकी, म्हणजे घोसाळी, दाबून बघायच्या आणि ठेलेवाल्याला सांगायच्या, "भैया, ये उल्का को पसंद नहीं है, पर अब खानी पड़ेगी. उसके दिन बदल गए." ठेलेवाला हळहळून मान हलवायचा. त्याला वाटायचं, उल्का म्हणजे काकूंची नात आणि सासरी काहीतरी बिनसलंय. एकदा त्यानं तिच्या नावानं कोथिंबिरीची जुडी फुकट दिली होती.

आम्ही तिथे नुकतेच राहायला आलो होतो. मी आपली पिशवी पुढे करत विचारलं, "काकू, उल्का कोण?"

"आहे एक. जादूगारीण आहे. सध्या बेकार आहे."

मी तेव्हा बेकारीवरच एक पर्चा काढत होते, त्यामुळे नाव कुठे नोंदवलंय का, असं तोंडाशी आलं होतं. काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं, मग माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्याकडे बघितलं आणि एक पर्चा उपसून तिथेच उभ्या उभ्या वाचला. फ्रीगंजच्या बाजारात बायकांसाठी एक धड मुतारी नाही, यावर तो होता. मथळा मी मोठ्या अभिमानानं दिला होता : 'महिला प्रसाधन सुविधाओं का अभाव : एक गंभीर सामाजिक प्रश्न'.

"जिला लागलीय, तिला एवढं वाचायला वेळ आहे का ग?" काकू म्हणाल्या. "'औरत कहाँ जाए?' एवढंच लिही. पुढचं ज्याचं तो समजेल."

मी चिडले. मला कुणी शिकवलेलं आवडत नाही. पण पुढचा पर्चा मी त्याच मथळ्यानं छापला, आणि ज्या दुकानदारांनी आधीच्या पर्च्यांत पुड्या बांधल्या होत्या, त्यांनी तो काउंटरवर काचेखाली ठेवला. तेव्हापासून मी काकूंची 'पर्चेवाली' झाले. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

काकू पोस्टात खिडकीवर बसून निवृत्त झालेल्या. काका रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा बंगळूरला, रविवारी मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा. वेणी घालायचा कंटाळा म्हणून पांढरे केस कानापर्यंत कापलेले, मनगटावर काकांचं मोठ्या डायलचं घड्याळ. पोतनीस घराणं एके काळी दरबारात खजिन्याचा हिशेब बघायचं. त्यावर काकूंचं एक ठरलेलं वाक्य होतं : "दरबार गेला, खजिना गेला, वाटेत कुठे तरी आमची अक्कलही गेली. आडनाव तेवढं राहिलं, ते कुणी मागितलं नाही म्हणून." बोलणं सगळं उज्जैनी. "मला मालूम आहे", "ऐक तर सही", "दिमाग खराब करू नको". पुण्याची मंडळी हसली तर त्या म्हणायच्या, "अडीचशे वर्षं इथलं पाणी पितोय. जिभेला त्याची चव येणारच की."

मला मराठी टाइप येतं, हे त्यांना दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत कळलं आणि मी अडकले. काकूंना कादंबरी लिहिता यायची नाही, सांगता यायची. हात रिकामे असले की त्यांचं डोकं चालत नसे. म्हणून पितळेचं ताट मांडीवर घ्यायच्या, कापसाचा पुंजका उचलायच्या आणि वाती वळत वळत सांगायला लागायच्या. मी समोर बसून मोबाइलवर उतरवून घ्यायची. वात जाड झाली की समजायचं, पुढे काय होणार ते काकूंनाही मालूम नाही. बारीक, ताठ वाती पडायला लागल्या की उल्का पळत सुटलेली असायची.

उल्का एका नदीकाठच्या गावात राहायची, आणि तिला सावल्या उचलता यायच्या. दमलेला, पिचलेला माणूस तिच्या दाराशी यायचा. ती त्याची सावली जमिनीवरून अलगद सोडवायची, लुगड्यासारखी घडी घालायची, ट्रंकेत ठेवायची. तेवढा दिवस तो माणूस हलका होऊन हिंडायचा. संध्याकाळी येऊन आपली सावली परत न्यायचा, आणि ती इस्त्री केल्यासारखी असायची. वर्षातून एक दुपार मात्र अशी, की सूर्य थेट डोक्यावर येतो आणि कुणालाच सावली उरत नाही. त्या वेळी सावलीला हात लावायचा नाही, हा नियम. हे काकूंना सुचवावं लागलं नाही. उज्जैनच्या प्रत्येक पोराला जूनमध्ये एकदा तरी वेधशाळेत नेऊन नाहीशी झालेली सावली दाखवलेली असते. "मी कुठून चोरलं नाही ग," काकू म्हणायच्या. "दरवर्षी डोक्यावरून जातं. मी एकदा वर बघितलं, एवढंच."

ऐकायला आणखी बायका असायच्या. गुरुवारी दुपारी काकूंकडे भजन. पेटी, टाळ, दोन अभंग, एक आरती, चिवडा, आणि मग उल्काचं एक प्रकरण. पोथीचा अध्याय ऐकावा तसं ऐकायच्या सगळ्या : पाय दुमडून, मध्ये न बोलता, संपल्यावर नकळत हात जोडून. जाताना प्रत्येकीला त्या प्रकरणाच्या वाती मिळायच्या. मी नास्तिक आहे आणि ते कुणापासून लपवत नाही. भजन चालू असताना मी बाहेर पायरीवर बसायची. काकूंनी कधी आत बोलावलं नाही आणि कधी कारणही विचारलं नाही. चिवड्याची वाटी मात्र बाहेर यायची.

या बायकांत सगळ्यात मोठ्या माई टोकेकर. दोन गल्ल्या सोडून मुलाकडे राहायच्या. पंच्याहत्तरीच्या, एका डोळ्यानं दिसत नाही, रक्तात साखर, आवाज मात्र असा की टाळांची गरज पडू नये. माई काकूंना "कुंदा" म्हणायच्या आणि उल्काला "ती पोर".

काकूंच्या डोक्यात ती कधीचीच बेकार होती, पण ऐकणाऱ्यांसाठी उल्काची शक्ती एप्रिलातल्या एका गुरुवारी गेली. गोष्टीतल्या नेमक्या त्या बिनसावलीच्या दुपारी एक आई रडत दाराशी आली होती. उल्कानं नियम मोडला, सावली नसलेल्या जमिनीला हात घातला. त्यानंतर तिच्या बोटांना सावली लागेना. ट्रंकेतल्या घड्या परत देता आल्या, नवीन घालता येईनात. काकूंनी शेवटची वात ताटात ठेवली आणि बायका हात जोडायच्याच विसरल्या. माई म्हणाल्या, "हे बरं नाही केलंस, कुंदा."

पुढच्या गुरुवारी माई आल्या त्या अनवाणी.

मला वाटलं, चप्पल तुटली. त्यांच्या सुनेनं, अर्चनानं, सांगितलं तेव्हा कळलं. माईंनी देवापुढे नवस बोलला होता : त्या पोरीची शक्ती परत आल्याशिवाय पायात चप्पल घालणार नाही.

"माई, ती गोष्टीतली आहे!" मी ओरडलेच.

"मला काय वेड लागलंय? गोष्टीतलीच आहे. गोष्टीतली झाली म्हणून पोर नाही का?"

आता मे महिना तोंडावर आलेला. आमच्याकडचं ऊन ज्यांनी बघितलं नाही, त्यांना सांगते, दुपारी डांबरावर चप्पल चिकटते. आणि ही साखर असलेली बाई त्या रस्त्यावरून अनवाणी भजनाला येणार! मी तावातावानं बोलायला लागले, तर माई पाय उचलून दाखवतात, "बघ. इतकी चालले, चटका म्हणून बसत नाही. देवाचीच कृपा." ती कृपा नव्हती. साखरेनं पायांची जाणीव गेली होती. भाजत होतं, फक्त कळत नव्हतं. मी त्याच रात्री 'मधुमेह, तळपाय आणि नवस' असा पर्चा लिहिला, सकाळी छापून आणला आणि पहिला माईंच्या हातात दिला. माईंनी त्यात खडीसाखर बांधून मला परत दिली. "घे, प्रसाद."

दोन आठवड्यांत तळपायाला फोड आला. डॉक्टरांनी अर्चनाला बाजूला घेऊन काय सांगितलं असेल ते मला मालूम आहे; माझ्या मामाचा अंगठा असाच गेला. अर्चना तडक काकूंच्या दारात आली. एरवी आवाज न चढवणारी ही मुलगी, पण त्या दिवशी म्हणाली, "काकू, तुमची कादंबरी घाला चुलीत. माझ्या सासूचा पाय कापायची वेळ आली तर तुमची उल्का येणार आहे का निस्तरायला?"

ती गेल्यावर काकू ताट मांडीवर घेऊन बसल्या. वाती बोटाएवढ्या जाड.

"लिहून टाका ना परत आली म्हणून!" मी म्हटलं. "दोन ओळींचं काम आहे. तुम्ही सांगू नका, मी टाइप करते." आणि खरं सांगायचं तर नवसाच्या आधीपासूनच मला तेच हवं होतं. शक्ती गेली म्हणून बाई गप्प बसते, हा कसला शेवट? उल्कानं लढावं, ओरडावं, हिसकावून परत घ्यावी. मी काकूंना तसं दहादा सांगितलं होतं.

"खोटं लिहू?"

"कादंबरी सगळी खोटीच असते, काकू!"

"म्हणूनच. तुझ्या पर्च्यात सगळं खरं असतं, त्यात एखादी थाप घुसली तर खपून जाईल. माझं सगळं खोटं आहे, पर्चेवाली. त्यात एक जरी खोटं आलं तर घरभर वास सुटतो." मग थोड्या वेळानं, "ती शक्ती परत येत नाही. मला मालूम आहे."

"तुम्हाला कसं मालूम?"

"रिक्षा बोलाव," काकू म्हणाल्या. "माईंकडे जाऊ."

दोन गल्ल्यांसाठी रिक्षा! पण काकू कापसाचा पुडा पिशवीत टाकून तयार होत्या. माई खाटेवर, पायाला पट्टी, आणि त्या पट्टीवरही चप्पल घालायला तयार नाहीत. अर्चना आमच्याशी न बोलता स्वयंपाकघरात गेली. काकू माईंच्या समोर खुर्ची ओढून बसल्या आणि जे मी त्यांच्या तोंडून तोवर कधीच ऐकलं नव्हतं, ते सांगायला लागल्या.

"माई, मी लहानपणी पायाळू होते."

म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी आधी पाय बाहेर आलेलं मूल. त्यानं पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, असं आपले लोक मानतात. यावर मी वेगळं लिहीन.

"सकाळी ओट्यावर लाइन लागायची. दूधवाला, पोस्टमन, पलीकडच्या गल्लीतले वकीलकाका. सगळे माझ्याकडे पाठ करून बसायचे. मी दात घासता घासता तीन तीन वेळा पाय लावत जायची. बत्तासे मिळायचे. शाळेत बाईंनी मला कधी हात लावला नाही, बाईंची कंबर धरायची ना!"

माई हसल्या. मी नाही हसले. "काकू, हे लहान मुलीचं शोषण आहे," मी म्हटलं.

"असेल ग. पण बत्तासे चांगले होते. ऐक तर सही. मी तेरा वर्षांची होते. घरात मुंज होती, तिला आमच्या आजोळची म्हातारी सुईण आली. सकाळी ती लाइन बघितली आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, 'अहो, ही नव्हे! पायाळू ती पुष्पा!' पुष्पा म्हणजे माझी मावसबहीण, आमच्याच गल्लीतली. दोघींचे जन्म एकाच खोलीत, एकाच आठवड्यात. बायकांच्या गडबडीत कुणाचे पाय आधी आले ते उलटंपालटं झालं, आणि तेरा वर्षं मी दुसरीचे पाय घेऊन फिरत होते."

"अगंबाई," माई म्हणाल्या. "मग?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपली ओट्यावर जाऊन बसले. वाटलं, आज सगळ्यांना उशीर झाला. लाइन पुष्पाच्या दारात होती."

"पण त्यांच्या पाठी तर बऱ्या झाल्या होत्या ना तुमच्या पायानं?" मला राहवेना. "म्हणजे हे सगळं थोतांड आहे हे तिथल्या तिथे सिद्ध झालं!"

"झालं की. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुष्पा जरा जोरात मारायची, त्यामुळे लोकांना गुण जास्त वाटायचा."

अर्चना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिच्या हातात ताकाचे पेले होते, पण ती ते देत नव्हती.

"आठवडाभर रडले, माई. मग एक दिवस वकीलकाका रस्त्यात समोरून आले. त्यांनी मला ओळखलं नाही, मीही त्यांना नाही. कसं ओळखणार? मला त्यांची पाठ मालूम होती, खांद्यावरच्या तिळासकट. तोंड मी पहिल्यांदा बघत होते. आणि इतकं उतरलेलं तोंड, इतकं उतरलेलं, की मी विचारलं, काका, काय झालं? तो एवढा मोठा माणूस भर रस्त्यात उभा राहून परकरातल्या पोरीला आपलं दुःख सांगत बसला. वळून गेला तेव्हा पाठीवरून कळलं, हे वकीलकाका. तोपर्यंत मी नुसत्या पाठी बघितल्या होत्या. त्यानंतर मला माणसं दिसायला लागली. पुढे पोस्टात सगळे आतलं टेबल मिळावं म्हणून भांडायचे. मी खिडकी मागून घेतली." काकू थांबल्या. "म्हणून उल्काचं गेलेलं परत देता येत नाही मला. ती आत्ता कुठे माणसांकडे बघायला लागलीय. देऊन तिला पुन्हा पाठी मोजत बसवू?"

मला वाटलं, झालं. इतकं सांगितल्यावर कुणाचाही नवस सुटेल. माईंनी पट्टीवरून हात फिरवला.

"तुझं ठीक आहे, कुंदा," त्या म्हणाल्या. "तुला तोंडं मिळाली. माझा डोळा गेला, त्याच्या बदल्यात काय मिळालं? धाकटा गेला, हे गेले, देवासचं घर गेलं. मी कधी काही म्हटलं नाही. पण कुणाचंच काही परत आलं नाही ग आजवर. गोष्टीत तरी येऊ दे."

काकूंनी पिशवीतून कापूस काढला, नुसता हातात धरला.

आणि मग माईंनी सौदा सुरू केला. आयुष्यभर गोपाल मंदिराच्या बाजारात साड्यांचे भाव पाडलेली बाई ती.

"वर्षभरासाठी दे तिला."

"नाही, माई."

"एक दिवस."

"एक दिला की दुसरा मागेल."

"एक घडी. दूध उतू जायला लागतो तेवढा वेळ."

काकूंनी मान हलवली. माई पुढे सरकल्या. "हे बघ. मी देवाला काय म्हटलं? 'परत येऊ दे.' एवढंच म्हटलं. आलेल्याचं पुढे काय करायचं, ते मी बोलले नाही. ते तुझं तू बघ."

काकूंची बोटं चालायला लागली, आणि मी त्या बोटांकडे बघत होते म्हणून सांगते, वात अशी पडली की सुईत ओवावी.

"पर्चेवाली, फोन काढ. घे. 'शक्ती परत आली. भर दुपारी आली. तिनं उल्काच्या दाराची कडी वाजवली. उल्का घरी नव्हती.'"

मी टाइप केलं.

"मग?" माई म्हणाल्या.

"मग काय. ओसरीवर बसली थोडा वेळ. मग उठून गेली."

"निरोप ठेवला?"

"नाही."

"एवढ्या उन्हाची आली, पाणी तरी विचारलं कुणी?"

"शेजारणीनं विचारलं."

माईंनी चांगल्या डोळ्यानं काकूंना न्याहाळलं, दुकानदार शेवटचा भाव सांगतोय की फसवतोय हे बघावं तसं. "पण आली."

"आली."

"कडी वाजवली."

"दोनदा."

"अर्चना," माई म्हणाल्या, "माझ्या चपला कुठे टाकल्यास ग?"

अर्चनानं पेले तिथेच जमिनीवर ठेवले आणि धावली. नव्या मऊ चपला तिनं आधीच आणून ठेवल्या होत्या, डॉक्टरांनी सांगितलेल्या. पट्टीवरून एक, दुसऱ्या पायात एक. मग तिनं आम्हाला ताक दिलं, आणि काकूंच्या पेल्यात जिऱ्याची पूड जरा जास्त होती.

परत येताना मी रिक्षात फणफणत होते. पाय वाचला, ते उत्तम झालं. पण हा शेवट? आम्ही घसा फोडून लोकांना सांगतो की काही आपणहून दाराशी येत नसतं, आणि इथे ते स्वतः चालत येतं, कडी वाजवतं, आणि बाई घरात नाही! "काकू, हे बेजबाबदार आहे. निदान तिनं दार उघडून नको तरी म्हणायला हवं होतं."

"ते येणार म्हणून दाराकडे डोळे लावून बसली असती, तर ती उल्का कसली? तिला कामं नाहीत?"

"कसली कामं?"

"भैया, लेफ्ट में," काकू रिक्षावाल्याला म्हणाल्या.

फोड भरून आला. माई सुनेच्या स्कूटीवरून गुरुवारी यायला लागल्या. कादंबरी पुण्याच्या एका प्रकाशकानं 'शेवट समाधानकारक वाटत नाही' म्हणून परत पाठवली, आणि मी त्याला चार पानी निषेधपत्र लिहिलं, जे काकूंनी पाठवू दिलं नाही. "अग, बरोबरच म्हणाला तो. समाधान माईंचं झालं, त्याचं कसं होणार?" मग माझे पर्चे छापणाऱ्या प्रेसमध्येच आम्ही ती छापली. पाठीमागच्या पानाला अजून पर्च्याच्या शाईचा वास येतो.

ती वाचली लोकांनी. इंदूर, देवास, धारच्या मराठी घरांत फिरली. आणि ज्यानं वाचली, त्यानं काकूंना एकच विचारलं : उल्का गेली कुठे होती? शाळेतल्या दोन मुली घरी येऊन भांडून गेल्या. एका निवृत्त हेडमास्तरांनी दोन शक्यता मांडल्या आणि दोन्ही काकूंनी चिवडा देऊन परत पाठवल्या. भजनातल्या बायकांचं मत पडलं, ती कुणाच्या तरी बाळंतपणाला गेली असणार. माईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "मला त्याच्याशी काय करायचंय? माझं काम झालं."

माझी मात्र खात्री होती की काकूंना माहीत आहे. ज्या बाईला उल्काला गिलकी आवडत नाही हे माहीत, तिला हे माहीत नसेल?

काकू गेल्या हिवाळ्यात गेल्या. फार त्रास झाला नाही. मुलगा आला होता, माई आल्या होत्या, अर्चना तर दिवसरात्र होती. मी यावर संतापून काही लिहावं असं काही घडलं नाही, आणि माझ्या बाबतीत ते क्वचितच होतं. जाण्याच्या दोन दिवस आधी दुपारी मी एकटीच त्यांच्याजवळ होते. बाहेर थंडीतलं कोवळं ऊन होतं. दवाखान्यातल्यांनी कापूस दिला होता, त्याच्या वाती करून काकूंनी उशाशी ठेवल्या होत्या आणि नर्स त्यावरून रागावून गेली होती.

मी म्हटलं, "काकू, मला एकटीला सांगा. कुणाला सांगणार नाही, छापणार नाही. उल्का त्या दुपारी कुठे होती?"

काकूंनी माझ्याकडे पूर्ण तोंड वळवलं. त्या नेहमीच तसं करायच्या, मानेनं नाही, सगळ्या अंगानं.

"मी विचारलं नाही तिला," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"लहानपणापासून सगळ्यांनी काही ना काही घेतलंच ग तिच्याकडून. मी तर अख्खी कादंबरी घेतली." त्यांनी डोळे मिटले, आणि हसू तसंच राहिलं. "एक दुपार तिची तिला राहू दे."